उगाड्याखालचा ताल

“तिका इचार, माझी कोयती खंय ठेवल्यान ती,” मामंजी सासूबाईंना म्हणाले.

‘ती’ म्हणजे मी. मी त्याच पडवीत, त्यांच्यापासून दोन हातांवर तांदूळ पाखडत बसले होते. कोयती त्यांच्या नाकासमोर होती. आदल्या दिवशी झाडलोट करताना मी ती रोजच्या खुंटीवरून काढून शेजारच्या खुंटीला अडकवली होती, एवढंच. मामंजींचा हात रोजच्या खुंटीवर गेला, रिकामाच फिरला आणि भिंत चाचपत खाली आला. मी उठले, कोयती काढून सासूबाईंच्या हातात दिली, सासूबाईंनी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कमरेच्या लाकडी आकडीत अडकवली, पोतं खांद्यावर टाकलं आणि उरलीसुरली शिकेकाई काढून आणतो म्हणून ते रानाकडे निघून गेले.

लग्नाला आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मामंजी माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मी गडहिंग्लजची. तिलारी घाटाच्या पायथ्याशी, झरीवाडीत, घाटावरून आलेली मी पहिलीच सून. उल्हास एसटीत मेकॅनिक. गडहिंग्लजच्या डेपोत असताना माझ्या काकांकडे भाड्यानं राहायचा, पुढचं सांगायला नको. मामंजींनी लग्नाला नाही म्हटलं नाही आणि हो तर नाहीच नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला की ते हात आखडून बसत. ताट मी वाढलं असेल तर सासूबाई येऊन शेजारी टेकेपर्यंत घासाला हात लावत नसत. माझा विषय निघाला की ‘ती घाटी’. मला मासळी साफ करता येत नव्हती, उकड्या तांदळाची पेज घशाखाली उतरत नव्हती, मी बोलायला लागले की वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. ते सगळं मी हसून नेलं. पण घरातला थोरला माणूस आपल्या हातचं पाणी घेत नाही, हे मला फार लागलं होतं.

आणि म्हणूनच मी गप्प होते. मामंजींना दिसत नाही हे त्या घरात एकट्या मला कळलं होतं.

दिवाळीत ते माझ्या रांगोळीवरून सरळ चालत गेले तेव्हा मला वाटलं, मुद्दाम केलं. मग आठवड्यानं ते तसेच सासूबाईंनी वाळत घातलेल्या पापडांवरूनही गेले. तेव्हापासून मी बघत राहिले. ते माणूस आवाजावरून ओळखायचे. चहा ओतताना बोट कपाच्या काठावर ठेवायचे. मुलांनी बापाला जन्मापासून पाहिलेलं, त्यांना यात नवं काही दिसलं नाही. बाहेरून आलेल्या माणसालाच असल्या गोष्टी दिसतात. दोनदा उल्हासला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बोलत नाहीत ना माझ्याशी, मग त्यांचं त्यांनी निस्तरावं, असं मनात होतं. आज तेहतीस वर्षांनी हे लिहितानाही लाज वाटते.

मामंजी रानातून नेहमी जेवणवेळेपर्यंत परत यायचे. त्या दिवशी ऊन माथ्यावरून कललं तरी आले नाहीत. सासूबाई चार वेळा अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत जाऊन आल्या. दोन वाजता त्यांनी थोरल्या मुलाला, सगुणभावजींना, काजूच्या बागेतून बोलावून घेतलं. उल्हासची सुट्टी होती, तो घरीच होता. तीन वाजेतो वाडीतले दहाबारा पुरुष जमले. रान काही परकं नव्हतं. मामंजी त्यात साठ वर्षं फिरलेले. पण दोनच दिवसांपूर्वी कोंडाच्या वरच्या अंगाला गव्यांचा कळप दिसला होता. आणि कोंड म्हणजे पन्नास-साठ फूट खोल घळ; दिसत असलं तरी जपून चालावं अशी जागा.

सकाळी खुंटीजवळ चाचपडणारा तो हात डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा नुसतं ‘मामंजी, एकटे जाऊ नका’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते त्यांनी ऐकलं नसतं हे खरं, पण मी म्हटलं तरी असतं. आता त्यांना काही झालं तर मी या घरात कुठल्या तोंडानं राहणार होते?

पुरुष दोन वाटांनी आत शिरले. सगुणभावजींनी आम्हा दोघींना उगाड्याच्या झाडाखाली थांबायला सांगितलं. बाबा चुकले असले तर हिंडतफिरत उगाड्याकडेच येतील, असं त्यांचं म्हणणं.

उगाडा मी लांबून बघत आले होते, जवळून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडे चिंच, वड हीच मोठी झाडं. हे झाड म्हणजे काहीतरी भलतंच होतं. सरळ, गुळगुळीत, राखाडी-पांढरं खोड वर वर गेलेलं, पहिली फांदी कुठे फुटली ते बघायला मान पाठीला टेकवावी लागे. आजूबाजूचं रान त्याच्या कमरेला. बुंध्याशी मुळं जमिनीवर उभी राहिलेली, फळ्यांसारखी पातळ आणि माझ्या डोक्याच्याही वर उंच; दोन मुळांच्या मधल्या जागेत गाय बांधावी इतकी ऐसपैस खोली. शेंड्याला आग्या माश्यांची सात पोळी लटकत होती. सासूबाई म्हणाल्या की याचं लाकूड भुसभुशीत, ना दाराला ना वाशाला, म्हणून इतकं वाढलं. कामाचं असतं तर केव्हाच कोणाच्या तरी घरात गेलं असतं. थंडीत ते सगळी पानं टाकतं आणि बोडक्या फांद्यांवरच फुलतं. मी आठवडाभरापूर्वी घरातून पाहिलं तेव्हा ते बोडकंच होतं. आता वर सगळीकडे कोवळी हिरवी पालवी होती.

रानातून हाका ऐकू येत होत्या. ‘बाबांनूऽऽ’ ही सगुणभावजींची, जाड. ‘ओ बाबाऽऽ’ ही उल्हासची. हाक जायची, दरीत घुमायची आणि विरून जायची. पाचच्या सुमाराला कोणीतरी देवळातला ढोल आणला. शिमग्यात पालखीपुढे वाजतो तो गावचा ताल दरीच्या काठावरून बराच वेळ वाजत राहिला. त्यालाही काही उत्तर नाही.

सासूबाईंनी मग एक जाड दांडका शोधला आणि उगाड्याच्या एका उभ्या मुळावर मारला. मी दचकलेच. ते मूळ ढोलासारखं वाजलं, नुसतं कानात नाही, पायाखालीही जाणवलं. रानात माणूस चुकलं की पूर्वीपासून असंच बोलवायचे, तीन ठोके आणि थांबायचं, परत तीन ठोके. मी वर पोळ्यांकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या उंचावरच्या माश्यांना खालचं काही कळत नाही. तरी मी पदर डोक्यावरून घेतला.

तीन ठोके. शांतता. तीन ठोके. अर्धा तास त्या मारत होत्या. मग त्यांचा दम गेला आणि दांडका हातातून गळाला. त्या मुळाला पाठ लावून खाली बसल्या आणि पुटपुटल्या, “चकवो लागलो असात तेंका.” त्यांच्या आवाजात रडू नव्हतं, ते मला जास्त भयंकर वाटलं. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं होतं. फार तर तासभराचा उजेड उरला होता.

मी दांडका उचलला. तीन ठोके मारून बघितले, पण सासूबाईंसारखे जमेनात. हात अडखळत होता. हाताला येत होतं ते एकच. गडहिंग्लजला शाळेत आमचं लेझीमचं पथक होतं आणि पुढे उभी राहून ढोल वाजवायची मी. दहावी झाल्यापासून ढोलाचं टिपरू हातात धरलं नव्हतं, पण हात विसरत नाही. दोन ठोके सुटे, मग तीन लागोपाठ. दोन सुटे, तीन लागोपाठ. मूळ असं काही बोलायला लागलं की मलाच नवल वाटलं. आतून एक जाड घुमारा निघायचा आणि दरीत उतरायचा. मी जोर लावला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. सून वेडी झाली असं वाटलं असावं त्यांना.

वरच्या वाटेवरून सगुणभावजी ओरडलेले ऐकू आले. म्हातारा माणूस हरवलाय आणि हिला लेझीम सुचते, अशा अर्थाचं काहीतरी होतं. मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते.

दहा मिनिटं झाली असतील. हात भरून आले म्हणून क्षणभर टेकले आणि त्या शांततेत ऐकलं.

खालून, कोंडाच्या उजव्या अंगाकडून, लाकडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला. दोन सुटे. तीन लागोपाठ.

सासूबाई म्हणाल्या, घुमलं असेल. मी एकच ठोका मारला. खालून एकच आला. मी चार मारले. चार आले. सासूबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं.

“थांबू नको गो,” त्या म्हणाल्या. “वाजय.”

मी वाजवत राहिले. खालचा आवाज मधूनमधून यायचा, दर वेळी थोडा जवळून. एकदा बराच वेळ आला नाही, तेव्हा मी आणखी जोरानं मारलं. मग पाल्याचा खसखसाट झाला, खोकला ऐकू आला आणि झाडांमधून मामंजी बाहेर आले. एक हात पुढे, दुसऱ्या हातात कोयती. सदरा खांद्यावर फाटलेला, एका पायात चप्पल नाही, गुडघ्यावर रक्त सुकलेलं. माझ्या ठोक्यांच्या रोखानं ते सरळ चालत आले आणि मुळाला हात लागला तेव्हा थांबले. तळवा त्यावर पसरून उभे राहिले.

“रव आता,” ते म्हणाले आणि मी थांबले.

माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी मात्र आता रडायला सुरुवात केली. मुळाच्या आडोशाला जाऊन, पदरात तोंड खुपसून, इतका वेळ अडवलेलं सगळं. मामंजी मुळांच्या खोबणीत टेकले. घरून आणलेला पाण्याचा तांब्या माझ्याजवळ होता. मी सवयीनं तो सासूबाईंकडे वळवला, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. मग मीच पुढे केला. मामंजींनी हात लांबवला. तो हात तांब्याच्या वीतभर डावीकडे, हवेतच थांबला.

मी त्यांचं मनगट धरलं आणि तांब्या हातात ठेवला. त्यांनी तो एका दमात रिकामा केला.

“हिचो हात माका पाठ आसा,” ते हळूच म्हणाले. “तांब्यो खंयसून येतलो, ताट खंय ठेवतली, चाळीस वर्सां तीच जागा. माका बघूक लागणा नाय. तुझो हात माका पाठ नाय. तुझ्याकडसून घेवक गेलंय आणि सांडलां तर सगळ्यांक कळात. म्हणान मी घेय नाय होतंय.”

आठ महिने मी जे उराशी धरून बसले होते ते असं दोन-चार वाक्यांत निकालात निघालं. मग जे कधीतरी बोलायचंच होतं ते बोलले.

“मामंजी, मला माहीत होतं. दिवाळीपासनं.”

“माका म्हायत आसा, तुका म्हायत होतां ता. कोणाक सांगलंस नाय. मी म्हटलंय, चेडू घाटी आसा, पण पोटात ठेवता.”

ते तसंच राहू देता आलं असतं. माझा चांगुलपणा त्यांनीच ठरवून टाकला होता. पण दिवसभर जे भोगलं होतं त्यानंतर मला ते फुकटचं घेववेना.

“पोटात ठेवलं नाही,” मी म्हटलं. “तुमच्यावर राग होता म्हणून गप्प बसले.”

त्यांनी रिकामा तांब्या जमिनीवर ठेवला, आडवा होणार नाही ना हे बोटांनी बघितलं. “बरां,” ते म्हणाले. “आता गेलो मा राग?”

मी हो म्हटलं. मग त्यांनी वाट कशी चुकली ते सांगितलं, अगदी खालच्या आवाजात. गेली दोन वर्षं रानात त्यांना बाकी सगळं हिरवं-काळं एकमेकांत मिसळलेलं दिसायचं. पण उगाडा बोडका असला की त्याच्या पांढऱ्या फांद्यांचा एक धुरकट डाग आभाळात उभा असायचा. तो डाग पाठीशी ठेवून आत जायचं आणि तोंडासमोर ठेवून परत यायचं. पानं फुटायच्या आत रानातली कामं उरकायची. यंदा उगाडा पंधरा दिवस आधीच पालवला. परत फिरताना त्यांनी मान वर केली तर डाग नव्हता. झाड जिथे होतं तिथेच, पण रानात मिसळून गेलेलं.

एवढ्यात सगुणभावजी, उल्हास आणि बाकीचे धावत आले. कोणी पाया पडलं, कोणी जखमा बघितल्या, ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवून बिडी पेटवली. सगळे एकदम बोलत होते. सगुणभावजींचा आवाज पार बसला होता आणि आनंदानं आता त्यांना राग यायला लागला होता.

“घसो फाटासर बोंबललंव आमी,” ते म्हणाले. “तुमी हय हाकेवर होतात. ओ कित्याक दिल्यात नाय?”

“आयकलंय मी सगळां,” मामंजी म्हणाले. “तुझी हाक आयकलंय, उल्हासाची आयकलंय. ढोल आयकलंय. हिणा तीन-तीन ठोके मारल्यान, ते पण आयकलंय. म्हणान तर झाळीत दडान बसलंय.”

ढोलवाल्यानं बिडी तोंडातून काढली.

“रानात वाट चुकली काय चकवो घरच्यांच्या आवाजान हाक मारता. ओ दिली काय कोंडात न्हेता. ह्या मीच तुमका शिकवलंय मा? साठ वर्सां तो ह्या रानात आमका आयकता. सगुणाचो आवाज तेका येतलो. पालखीचो ताल येतलो. मुळावरचे तीन ठोके तर आमच्या आज्यापासून आयकता तो.” त्यांनी श्वास घेतला. “मागसून ह्यो भलतोच ताल इलो. माका हसाक इला. मी म्हटलंय, ह्यो चकव्याच्या बापाशीक येवचो नाय. असला वाजवणारां माणूस ह्या मुलखात एकच आसा, आणि ता माझ्या घरात आसा. मगे उठलंय.”

ढोलवाला आधी हसला आणि मग सगळेच हसायला लागले, सासूबाईसुद्धा, डोळे पुसता पुसता. सगुणभावजी माझ्याकडे बघून म्हणाले की मघाशी ओरडलो ते मनावर घेऊ नकोस. मी दांडका अजून हातातच धरून होते. तो कुठे ठेवावा तेही सुचत नव्हतं, इतकं हलकं वाटत होतं.

पण उल्हास हसत नव्हता. तो मेकॅनिक, गाडी सुरू झाली तरी बंद का पडली होती ते कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं बापाच्या समोर बसून विचारलं, तुम्ही हे रान डोळे मिटून चालता, मग चुकलात कसे?

“उगाडो दिसाक नाय,” मामंजी म्हणाले.

सगळ्यांनी माना वर केल्या. मावळतीचं ऊन नव्या पालवीवर पडलं होतं आणि अख्खं झाड उजळलं होतं, त्या रानात त्याहून मोठं काही नव्हतं. हे झाड दिसलं नाही? माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सासूबाई हसायच्या थांबल्या आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मामंजींनी खाली मान घातली. मग त्यांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं.

“शालन,” ते म्हणाले, “तूच सांग तेंका.”

पुढे मे महिन्यात गोव्याला एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिवाळीनंतर दुसऱ्याचं, आणि मामंजी त्यानंतर अठरा वर्षं रानात हिंडले. पण त्या संध्याकाळी ते काही माहीत नव्हतं. मी बाराजणांसमोर उभी राहिले आणि सांगायला लागले. पहिल्यांदा मला कसं कळलं, मी का बोलले नाही, त्यांनी दोन वर्षं कशी निभावली. दोनदा माझं चुकलं. दोन्ही वेळा मामंजींनी मला अडवलं आणि दुरुस्त केलं, मधे कोणालाही न घालता, माझ्याकडे तोंड करून.